पंधरा खेपांऐवजी पाच

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला आणि गाठ काढून स्तन वाचवला, तरी त्यानंतर बहुतेक जणींना रेडिएशन घ्यावेच लागते. पूर्वी ते पाच आठवडे चाले, पुढे तीन. बाहेरगावाहून आलेल्या बाईला तेवढे दिवस शहरात खोली, सोबतीला माणूस आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. म्हणून हा अंक कमी दिवसांच्या, नेमक्या रेडिएशनला वाहिला आहे.

ब्रिटनमधल्या ४,०९६ रुग्णांच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२० साली आले. १५ खेपांत ४० ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) देण्याऐवजी ५ खेपांत २६ ग्रे दिले, तरी त्याच बाजूला रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. रोजचा डोस मोठा म्हणजे इजाही मोठी, ही शंका रास्त आहे. म्हणूनच एकूण मात्रा घटवली गेली. त्याच चाचणीत ५ खेपांत २७ ग्रे घेतलेल्या तिसऱ्या गटात दुष्परिणाम अधिक दिसले. ‘इम्पोर्ट लो’ चाचणीने तर पन्नाशी गाठलेल्या, कमी जोखमीच्या रुग्णांत गाठीच्या जागेपुरते रेडिएशन पुरते, हे दाखवले. असे कमी दिवसांचे, नेमके रेडिएशन सरसकट सगळ्यांना लागू नाही. पण जिला लागू आहे, तिला हा पर्याय सांगितलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. तुम्हाला तो सांगितला गेला का? आम्हाला जरूर कळवा.