जखमा बांधणाऱ्या हातांना विसावा

जायबंदी जवानाला पुन्हा उभे करण्याच्या कामात पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून हे काम निष्ठेने करीत आले आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान हुतात्मा झाले, तेराशेहून अधिक जखमी झाले. हुतात्म्यांची स्मारके गावोगावी उभी राहिली आणि जखमींच्या वाट्याला उपचार, निवृत्तिवेतन, थोडाफार मानसन्मान आला. मात्र या जखमींना गोळीबारातून उचलून आणणारे, त्यांचे रक्त थांबवणारे, रात्र रात्र शस्त्रक्रियागृहात उभे राहणारे आणि पुढे महिनोन्‌महिने त्यांचे सारे करणारे डॉक्टर, परिचारिका आणि नर्सिंग असिस्टंट यांचे काय होते, हे आपण विचारत नाही. दुसऱ्याच्या वेदना रोज पाहणाऱ्याचे मनही कधीतरी थकते आणि त्या थकव्याची जबाबदारी ज्या संस्थेसाठी तो राबतो त्या संस्थेनेच घ्यायला हवी.

हा विषय आपल्या बारामती-इंदापूर भागाला दूरचा नाही. मोरगाव-सुप्याच्या जिरायत पट्ट्यापासून इंदापूरच्या उजनीकाठापर्यंत कोणत्याही रस्त्यावर भल्या पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. त्यातली बारावीला जीवशास्त्र घेतलेली, पण वैद्यकीयच्या गुणवत्ता यादीत न बसलेली काही मुले ‘नर्सिंग असिस्टंट’च्या भरतीची तयारी करतात. लष्कराच्या बीएस्सी नर्सिंगचे, पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाचे (एएफएमसी) स्वप्न पाहणाऱ्या मुलीही आता आहेत. निवड झाली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘दवाखान्यातली ड्युटी हाय, पोरगं सुखरूप राहील,’ असे समाधान आई-वडील करून घेतात. ते समाधान अर्धेच खरे आहे.

नर्सिंग असिस्टंटचे प्रशिक्षण लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रात होते. त्यानंतर त्याची नेमणूक मोठ्या रुग्णालयातच होईल असे नाही. पलटणीबरोबर तो पहाडातल्या चौकीवरही जातो. पलटणीचा डॉक्टर खालच्या मदत केंद्रात असतो, त्यामुळे चौकीवर डॉक्टर म्हणून जे कोणी असते ते म्हणजे हाच विशी-पंचविशीतला मुलगा. स्फोटात पाय गमावलेल्या जवानाच्या मांडीला टूर्निकेट आवळायचे, सलाइन लावायचे, हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याला बोलते ठेवायचे, हे सगळे त्याच्याकडे. एकाच वेळी तिघे जखमी झाले तर आधी कोणाला हात घालायचा, हेही त्यानेच ठरवायचे. गावातल्या डॉक्टरसमोर येणारा रुग्ण बहुधा अनोळखी असतो. इथे समोर पडलेला माणूस काल रात्री लंगरमध्ये शेजारी जेवायला बसलेला असतो. त्याला वाचवता आले नाही, तर उरलेल्या पलटणीबरोबर त्याच चौकीवर पुढचे महिने काढायचे असतात.

लष्करी वैद्यकीय सेवेत आणखी एक ताण आहे. एरवी रुग्ण बरा झाला की डॉक्टरचे काम संपते. लष्करी डॉक्टरने बरा केलेला जवान जिथे जखमी झाला त्याच ठिकाणी परत जातो आणि ‘फिट’ असल्याची सही त्याच डॉक्टरची असते. रुग्णाचे हित आणि पलटणीची गरज या दोहोंशी एकाच वेळी इमान राखायचे, हे ओझे अंगावरचा पांढरा कोट उतरवला म्हणून उतरत नाही.

या थकव्याचा अभ्यास जगात अर्ध्या शतकापासून चालू आहे. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांची अवस्था पाहून हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’वर लिहिले. परिचारिकांमधल्या करुणेच्या थकव्याकडे कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हणून केली आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपून जाणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ही अवस्था येते, असे ही नोंद सांगते. साहजिकच तिच्यावरचा उपायही व्यवस्थापनातच शोधावा लागेल. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला इथे अपुरा आहे.

मणक्याला गोळी लागून कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या रुग्णाची शुश्रूषा कशी चालते, हे एकदा समजून घ्यावे. त्याला संवेदना नसते, त्यामुळे एका कुशीवर फार वेळ पडून राहिला तर कातडी कुजून शय्याव्रण होतात. म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. रात्री दहाला, बाराला, दोनला, चारला. प्रत्येक वेळी टाचा, माकडहाड, खुबे हाताने चाचपून लाली आली आहे का ते पाहायचे, लघवीची नळी तपासायची, चादरीची सुरकुती काढायची. हा रुग्ण पंचविशीचा असतो. पहाटे दोनला तो जागा असतो आणि ‘मी चालेन का?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला खोटे उत्तर देता येत नाही आणि खरे उत्तर द्यायला जीभ रेटत नाही. परिचारिकेला हा प्रश्न एकदा नाही, वर्षानुवर्षे, प्रत्येक नव्या रुग्णाकडून ऐकावा लागतो. सुरुवातीला ती घरी जाऊन रडते. पुढे रडू येईनासे होते, आणि धोका तिथेच सुरू होतो. ती चिडचिड करते, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागते, मुलांशी बोलणे कमी करते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बाई कोरडी झाली. खरे तर तिच्याजवळ देण्यासारखे जे होते ते देऊन संपलेले असते आणि ते पुन्हा भरून यायला कोणी तिला वेळ दिलेला नसतो.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी जलतरणाचे सुवर्णपदक आणले. त्यांच्यावर चित्रपटही निघाला, तो योग्यच. पण त्यांच्यासारख्या अनेकांना पाण्यात उतरायचा धीर ज्यांनी दिला, त्या उपचारकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

सेवेची गाथा सांगताना आपण थकव्याचाच गौरव करतो, ही आपली जुनी खोड आहे. इंदापूरच्या शेजारी सोलापूर जिल्हा. तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने धाडलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या सैन्याचे डॉक्टर झाले. १९४० मध्ये एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढे त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक व्हायलाच हवे. पण वेढ्यात सापडलेल्या, औषधे नसलेल्या सैन्यात नाइलाजाने जे घडले ते शांततेच्या काळातल्या सुसज्ज रुग्णालयाचा आदर्श ठरू शकत नाही. कोटणीसांचे स्मरण करताना त्यांच्या ७२ तासांइतकेच त्यांच्या ३२ वर्षांकडेही पाहावे.

आपल्या सैन्यदलांत मदत मागण्याच्या वाटेवर एक मोठी धोंड आहे. जवानाची आणि अधिकाऱ्याची शारीरिक-मानसिक पात्रता ‘शेप’ या वर्गवारीने ठरते. तिच्यातले पहिलेच अक्षर, ‘एस’, मानसिक स्थितीचे आहे. ‘शेप-वन’ असलेला माणूस सर्वार्थाने पात्र. ‘एस’ घसरला की बढती, नेमणूक, परदेशातली मोहीम या सगळ्यांवर त्याची सावली पडते. हाती शस्त्र असलेल्या दलात अशी वर्गवारी असणे समजण्यासारखे आहे. पण वैद्यकीय सेवेतल्या माणसाची कोंडी दुहेरी असते. इतरांच्या कागदांवर हा शेरा उमटतो तो याच सेवेतल्या लोकांच्या हातून. त्याची किंमत काय, हे त्यांच्याइतके दुसरे कोणी जाणत नाही. शिवाय मन मोकळे करायला जायचे ते आपल्याच सहकाऱ्याकडे, आपल्याच वरिष्ठाकडे. म्हणून ते गप्प राहतात. सुटीवर आलेल्या फौजीला गावात ‘कसं चाललंय?’ विचारले की ‘एकदम मस्त हाय’ हे ठरलेले उत्तर येते आणि आपणही त्यावर समाधान मानतो.

काही चांगली पावले पडली आहेत, त्यांची नोंद घेतली पाहिजे. टेलि-मानस या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सेवेचा सैन्यदलांसाठीचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि सैन्यदलांना डॉक्टर पुरवणाऱ्या या महाविद्यालयाने या कामाचा मान मिळवावा, हे साजेसेच आहे. याच महाविद्यालयात शिकलेल्या सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन ऑक्टोबर २०२४ मध्ये सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर झालेल्या बलात्कार आणि हत्येच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी आणि कामाच्या परिस्थितीसाठी जो राष्ट्रीय कृती गट नेमला, त्यातही त्या होत्या. म्हणजे प्रश्नाची जाण सर्वोच्च पातळीवर आहे. पण फोनवरचा समुपदेशक ड्युटीचा तक्ता बदलू शकत नाही. सलग रात्रपाळ्या तशाच राहिल्या, तर फोन ठेवून ती परिचारिका पुन्हा त्याच वॉर्डात जाणार.

नागरी वैद्यकीय क्षेत्रातले अनुभवही हेच सांगतात. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ४८ तासांहून जास्त असू नये, असे केंद्र सरकारने १९९२ मध्ये म्हटले. तीन दशकांनंतर, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. त्या गटाच्या पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. बारामतीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे आपलीच मुले-मुली शिकतात. या आकड्याने पालकांची झोप उडायला हवी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: युद्ध घड्याळ पाहून होत नाही, सैनिकाने विश्रांतीचे लाड करू नयेत. पण विश्रांतीचे महत्त्व सैन्याइतके कोणी ओळखलेले नाही. सियाचिनच्या उंच चौकीवर जवानाला साधारण तीन महिन्यांहून अधिक ठेवत नाहीत. पहारा ठरलेल्या तासांनी बदलतो, कारण पेंगलेला पहारेकरी सगळ्या तुकडीला महागात पडतो. हाच नियम आपत्कालीन कक्षाला, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डाला, मणक्याच्या वॉर्डाला लावायचा आहे. थकलेल्या परिचारिकेच्या हातून औषधाची मात्रा चुकली, तर जीव जातो तो जवानाचाच.

तेव्हा काय करावे, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिले, जड वॉर्डांमधली नेमणूक ठराविक मुदतीची असावी आणि मोठी दुर्घटना किंवा चकमक हाताळलेल्या प्रत्येकाला सक्तीची विश्रांती मिळावी. ती मागावी लागू नये, आदेशातच असावी. दुसरे, थकवा आणि आजार यांत फरक करून, समुपदेशनाच्या सुरुवातीच्या काही भेटी ‘शेप’च्या नोंदीबाहेर ठेवाव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने नागरिकाला दिलेला गोपनीयतेचा हक्क शक्य तेवढा गणवेशातल्या माणसालाही मिळावा. तिसरे, बोस्टनमध्ये १९९५ साली स्थापन झालेले श्वार्ट्झ सेंटर रुग्णालयातल्या सर्व थरांच्या लोकांच्या बैठका भरवते. त्यात रुग्णाच्या आजाराऐवजी उपचार करणाऱ्याच्या मनावर काय बेतले, यावर बोलले जाते. आपल्या लष्करी रुग्णालयांत अशी बैठक महिन्यातून एकदा, हुद्दा बाजूला ठेवून, सहज भरवता येईल. चौथे, या सगळ्यात नर्सिंग असिस्टंट आणि वॉर्ड सहायक यांना शेवटच्या रांगेत ठेवू नये. सर्वांत आधी जखम पाहतात ते तेच.

लष्करी परिचर्या सेवा १ ऑक्टोबर १९२६ रोजी स्थापन झाली. याच सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना लग्न केले म्हणून १९८८ मध्ये नोकरीतून काढण्यात आले आणि ६० लाख रुपयांच्या भरपाईचा न्याय त्यांना सर्वोच्च न्यायालयाकडून फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाला. शुश्रूषा करणाऱ्या बाईलाही स्वतःचे घर आणि स्वतःचे आयुष्य असते, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली. तिला थकवाही येतो, हे मान्य करायला आणखी तेवढीच वर्षे घालवू नयेत. १ ऑक्टोबर २०२६ या शताब्दीच्या तारखेला टपाल तिकिटे निघोत, संचलने होवोत. त्याबरोबरच विश्रांतीच्या हक्काचा लेखी आदेश संरक्षण मंत्रालयाने काढावा, ही आमची मागणी आहे.

गावानेही आपला वाटा उचलावा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक सर्वांसाठी चोवीस तास खुला आहे. तो ग्रामपंचायतीच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर ठळक लिहावा. भरती अकादम्यांनी मुलांना सोळाशे मीटर धावायला शिकवताना मदत मागणे ही कमजोरी नाही, हेही शिकवावे. आणि दवाखान्यात ड्युटी असलेला आपला मुलगा किंवा मुलगी सुटीवर आली, की सत्कार-मिरवणुकीची घाई न करता घरच्यांनी आधी चार दिवस पोटभर झोपू द्यावे, मग जवळ बसून तिकडे काय काय पाहिले ते विचारावे, आणि उत्तर लांबले तरी मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.