नंबर नाही, परवाना नाही, विमाही नाही

शाळा सुटण्याच्या वेळी पिंपळनेरच्या सामोडे चौफुलीवर जरा वेळ उभे राहावे. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर, सटाण्याकडे निघालेल्या पिकअप, भर रस्त्यात थांबलेली एसटी, आणि या गर्दीतून आवाज न करता वाट काढणाऱ्या बॅटरीच्या स्कूटी. चालवणारा सातवी-आठवीतला, मागे दोन भावंडे, पायांशी दप्तरे. डोक्यावर हेल्मेट नाही, गाडीला नंबर प्लेट नाही. पालकांना हटकले तर उत्तर तयार असते, "या गाडीला काहीच लागत नाही."

हे अर्धसत्य आहे आणि ते एखाद्या लेकराच्या जिवावर बेतेल, अशी भीती आम्हाला वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधली सवलत स्पष्ट आहे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आणि मॉडेलला अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी असेल, तरच ती दुचाकी 'मोटार वाहन' धरली जात नाही. यातली एक अट जरी सुटली, तरी तिला नोंदणी, परवाना, विमा आणि हेल्मेट सगळे लागू होते.

आणि वेगाची अट कशी सुटते? अनेक स्वस्त गाड्यांत सीटखालच्या कंट्रोलरमधून वेग बांधून ठेवणारी एक वायर बाहेर आलेली असते. तिचा जोड सोडवला की गाडी पंचविशीची मर्यादा ओलांडते. काम पाच मिनिटांचे. गिऱ्हाइकच म्हणते, "स्पीड थोडी वाढवून द्या." ब्रेक आणि टायर मात्र जुन्याच वेगाच्या हिशेबाचे राहतात. असे फेरफार करणाऱ्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये मोहीम काढली होती. एकदाच्या मोहिमेने हे थांबणारे नाही.

आमचा या गाड्यांना विरोध नाही. जिथे एसटीची वेळ शाळेशी जुळत नाही, पेट्रोलचा खर्च झेपत नाही, तिथल्या मुलींसाठी ही गाडी म्हणजे शिक्षणाची वाट आहे. म्हणूनच ती सुरक्षित हवी. पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवरून बाजाराला आलेल्या एखाद्या आजीला उद्या अशा गाडीने उडवले, तर पोलिसांनी गाडी शोधायची कशावरून? विमाच नसल्याने भरपाई द्यायला कंपनी नाही. आजीच्या घरच्यांनी मुलाच्या बापावर दावा लावायचा आणि तारखांना धुळ्याच्या खेपा घालायच्या. बापाचेही धड नाही. वेग वाढवलेली गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि ते अल्पवयीनाच्या हाती देऊन गुन्हा घडल्यास पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुकानातून गाडी घेताना हे किती जणांना सांगितले जाते?

सवलतीतही एक भगदाड आहे. नियमात बसणाऱ्या गाडीला वयाची अटच नाही. दहा वर्षांच्या पोराने ती हमरस्त्यावर आणली तरी परवान्याच्या कलमाखाली त्याला अडवता येत नाही. चीनमध्ये अशा दुचाक्या भारतापेक्षा कितीतरी आधी घरोघरी पोहोचल्या. तिथे २०१९ पासून राष्ट्रीय मानकात वेगमर्यादा २५ चीच आहे, पण गाडीला नंबर प्लेट लावावी लागते आणि वेगात फेरफार होऊ नये अशी रचनाही कारखान्यातच करावी लागते. केंद्राने वयाची अट आणि नंबर, दोन्ही आणायला हवेत.

दिल्लीची वाट न पाहता इथेही पुष्कळ करता येईल. धुळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने शाळा उघडण्याआधी पिंपळनेर आणि साक्रीत तपासणी शिबिर घ्यावे, सीट उघडून वायर पाहावी, गाडी पळवून वेग मोजावा. वेग वाढवून विकणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. तो एका-दोघांना झाला तरी बाकीचे सावध होतील. मुख्याध्यापकांनी पालकसभेत हा विषय घ्यावा. नगरपरिषदेने शाळेच्या वेळेत चौफुलीवर माणूस उभा करावा. आणि पालकांनी गाडी घेताना मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी. दुकानदार देत नसेल, तर ती गाडी घरी आणू नये.