कोंबडीच्या खाद्यातील हळद आणि आपल्या ताटातील अंडे

घरातील ज्येष्ठांच्या आहारात अंडे असावे असे सुचविले की हल्ली एक शंका हमखास पुढे येते. “कोंबड्यांच्या खाद्यात म्हणे चवीसाठी कसले कसले अर्क घालतात, मग ते अंडे आजोबांना द्यावे का?” शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र भीतीने नव्हे, तर माहितीच्या आधारे शोधावयास हवे.

दालचिनी, ओरेगॅनो, लसूण, मिरची, हळद अशा वनस्पतींची तेले व अर्क पशुखाद्यात अल्प प्रमाणात मिसळतात. खाद्याला वास व चव यावी आणि पक्ष्याने ते नीट खावे, हा हेतू असतो. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी आणली. त्यानंतर अशा वनस्पतिजन्य घटकांचे महत्त्व वाढले.

‘वनस्पतिजन्य’ म्हणजे आपोआप निर्धोक, असे मात्र समजू नये. जायफळातील सॅफ्रोल किंवा बडीशेपेतील एस्ट्रागोल ही द्रव्ये शुद्ध स्वरूपात, मोठ्या मात्रेने दीर्घकाळ दिल्यास प्रयोगशाळेतील उंदरांच्या यकृतात गाठी होतात. म्हणूनच युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण असे अर्क चार कसोट्यांवर तपासते: प्राण्याला अपाय होतो का, मांस व अंडी खाणाऱ्याला होतो का, खाद्य हाताळणाऱ्याला होतो का आणि पर्यावरणाला होतो का.

आपल्या परिचयाच्या हळदीचेच उदाहरण घेऊ. २०२० मध्ये या प्राधिकरणाने हळदीच्या ओलिओरेझिनचा, म्हणजे दाट अर्काचा, विचार केला. अंडी देणाऱ्या व मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांना एक किलो खाद्यात ३० मिलिग्रॅमपर्यंत तो सुरक्षित ठरला आणि त्यांची अंडी वा मांस खाणाऱ्यांनाही धोका आढळला नाही. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम ३ मिलिग्रॅम अर्क येतो. हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही, त्यामुळे अंड्यात उतरणारा अंश त्याहूनही नगण्य. आपल्या आमटीत पडणाऱ्या अर्धा चमचा हळदीतच कर्क्युमिन सुमारे ४५ मिलिग्रॅम असते.

हे आकडे तेथील मर्यादांचे आहेत. आपल्याकडील प्रत्येक खाद्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु प्रमाणाचा अंदाज त्यांवरून येतो. एक दक्षता मात्र घ्यावी. हे अर्क त्वचा, डोळे व श्वसनमार्गास त्रासदायक ठरू शकतात. घरी कोंबड्या पाळणाऱ्यांनी अर्क मिसळलेले खाद्य कालविताना नाकातोंडावर रुमाल बांधावा. दमा असलेल्या ज्येष्ठांनी ते काम करूच नये.

खरी काळजी आहे ती वेगळ्या ठिकाणी. अंड्यातील कणभर अर्काची धास्ती घेणाऱ्या घरातच आजोबांना गुडघेदुखीसाठी हळदीच्या कॅप्सूल सुरू असतात. कर्क्युमिनची दैनंदिन स्वीकार्य मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम मानली जाते. ६० किलोच्या व्यक्तीला १८० मिलिग्रॅम. बाजारातील अनेक कॅप्सूलांत ५०० मिलिग्रॅम वा अधिक असते. शिवाय शोषण वाढविण्यासाठी मिरीचा अर्क घातलेला असतो. अशा कॅप्सूलांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व पित्ताशयात खडे असलेल्यांनी त्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

दुसरी काळजी प्रतिजैविकांची. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. ओळखीच्या पोल्ट्रीतून अंडी घेत असाल तर चवीच्या अर्काऐवजी प्रतिजैविकांविषयी विचारा. कोंबड्यांना औषध दिल्यावर ठरावीक दिवस अंडी विकावयाची नसतात. तो नियम पाळला जातो का, हे जाणून घ्या.

तिसरी काळजी जंतूंची. कच्चे अंडे दुधात फेटून देण्याची जुनी पद्धत ज्येष्ठांसाठी कटाक्षाने टाळा. पांढरे व पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजवा. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका. त्या शिंतोड्यांनी ओटा व भांडी दूषित होतात. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. दात नसले तरी ते खाता येते. वयाबरोबर स्नायू झिजतात, तोल जातो, पडण्याची भीती वाढते. अशा वेळी अंडे खाणाऱ्या घरात ते ताटातून निष्कारण काढून टाकणे हाच मोठा तोटा होय. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आणि पुढच्या तपासणीला जाताना घरातील सर्व ‘नैसर्गिक’ कॅप्सूल व चूर्णे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत. डॉक्टरांना ती प्रत्यक्ष दाखवावीत.