‘स्पिरिट’चे कौतुक पुरे

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले. पहिल्या वर्गाचे डबे फाटले, १८० हून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. रुळांलगतच्या झोपड्यांतील लोकांनी घरातल्या चादरींची झोळी करून जखमींना उचलून नेले. फोन लागत नव्हते. आपल्या जिल्ह्यात घरटी एक माणूस मुंबईला. त्या रात्री इकडेही कोणाला धड जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाड्या धावू लागल्या, डबे भरले आणि ‘मुंबईचे स्पिरिट’ या शब्दांचा जो गजर सुरू झाला, तो २६ नोव्हेंबर २००८ नंतरही ऐकू आला.

या कौतुकाविषयी एक डॉक्टर म्हणून माझी तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चढलेला माणूस शूर असेलही, पण अनेकांना रजा नव्हती, कित्येकांची रोजंदारी बुडणार होती. त्याला एकदा शूर ठरवून टाकले की घाबरण्याची, रडण्याची सोयच उरत नाही. मग असा माणूस दवाखान्यात येतो तो छातीत धडधडते, पित्त वाढले, मान आखडली म्हणून. ईसीजी चांगला निघतो. ‘काही झालेले नाही तुम्हाला’ असे ऐकून तो घरी जातो आणि रात्रभर छताकडे पाहत पडतो.

दुःख वाटून घ्यायचे कसे, हे खरे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात, तेराव्यापर्यंत माणसे येऊन नुसती बसून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिच्यातले सांगणे याच्या फार जवळचे आहे. माणसाला सुरक्षित जागी न्या, अन्नपाण्याचे बघा, नातलगांशी गाठ घालून द्या, तो बोलेल ते ऐका. पण काय घडले ते खोदून विचारू नका. आपत्तीनंतर सगळ्यांना बसवून प्रसंग वदवून घेण्याची पद्धत एके काळी होती. तिने फायदा होत नाही असे आढळले, म्हणून ती मागे पडली. झोपेच्या गोळ्याही पहिल्या महिन्यात सरसकट देऊ नयेत असा सल्ला आहे. चिठ्ठीवर आम्हा डॉक्टरांचा हात जरा लवकरच चालतो, हेही कबूल केले पाहिजे.

जे घटनास्थळी नव्हते, ज्यांचे कोणी गेले नाही, त्यांचे काय? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन येथे २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली होती. ती छायाचित्रे आपल्या मोबाइलवर किती वेळा आली, आठवून पाहा. अमेरिकेत २०१३ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतरच्या पाहणीत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणे प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त होती. तेव्हा बातमी दिवसातून एकदा वाचा आणि टीव्ही बंद करा. लहान मुलांपासून गोष्ट लपवू नका, दोन वाक्यांत खरे ते सांगा. चित्रे मात्र दाखवू नका. मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर रागावू नका.

दुःखाला वाट मिळाली नाही की ते पुष्कळदा रागाचे रूप घेते आणि गल्लीतल्या भलत्याच घराकडे बोट दाखवते. त्या लोकलमध्ये सर्व धर्मांची माणसे होती.

बहुतेक जण काही आठवड्यांत औषधावाचून सावरतात. महिना उलटूनही तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, स्टेशनची पायरी चढवत नसेल, कुकरच्या शिट्टीने दचकायला होत असेल, दारू वाढली असेल किंवा ‘मी कशाला वाचलो’ असे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. असे विचार महिना होण्याआधी आले तरी थांबू नये. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शिवाय हे दुःख तेराव्याला संपत नाही. २००६ च्या खटल्यात २०१५ साली दोषी ठरलेल्या बाराही जणांची २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मग आमचा माणूस मारला कोणी, हा प्रश्न एकोणीस वर्षांनी त्या घरांत पुन्हा येऊन बसला. आपल्या ओळखीत असे घर असेल, तर येत्या ११ जुलैला संध्याकाळी तिथे जाऊन चहा घ्यावा. गेलेल्याचे नाव निघाले तर विषय बदलू नये.