पंचाची पंचाईत

मराठीच्या मास्तराने इंग्रजी शब्दांच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे माझे वडील. एस. टी. त कंडक्टर होते. रत्नागिरी-राजापूर रस्त्यावर त्यांचे निम्मे आयुष्य गेले. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि बोटांत अडकवलेला तो पंच! त्याची दांडीवर टकटक झाली की पेंगणारा उतारूदेखील दचकून सुटे पैसे शोधू लागे. आता तिकीट यंत्रातून सरसर बाहेर येते. ती टकटक इतिहासजमा झाली.

मी एम. ए. होऊन कॉलेजात लागलो, त्या वर्षीच्या दिवाळीतली गोष्ट. आम्ही सारे फराळाला बसलो होतो. अंगात नवी विद्वत्ता आणि पुढ्यात ताजी चकली. मी सहज म्हणून गेलो, "अण्णा, तुमचा तो पंच आहे ना, तो शब्द मुळात आपलाच बरं का! पंच म्हणजे पाच. इंग्रजांनी तो इथूनच नेला."

अण्णांनी चकलीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "अरे, तीस वर्षं तिकिटं टोचली. एका दाबाला भोक पडतं एक. पाच कुठली आली त्यात?"

आई हसली. मीही हसलो, पण माझे हसणे वेगळे होते. कंडक्टरला व्युत्पत्ती काय कळणार, असे त्या हसण्यात होते आणि अण्णांना ते दिसले असणार. त्यांनी आईला चहा टाकायला सांगितले आणि विषय बदलला.

पुढे पंधरा-सोळा वर्षे मी वर्गात हा पंच दरसाल मारीत आलो. मुले खूश होत. आपला शब्द सातासमुद्रापलीकडे गेला, हे ऐकून कोणाची छाती फुगणार नाही? गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, कागदाला पंच मारतात त्यात पाच काय असतं?"

अण्णांचाच प्रश्न! मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, तास संपताच ग्रंथालय गाठले आणि इंग्रजीचे मोठे कोश उघडून बसलो. तेथे माझी जी पंचाईत झाली ती काय सांगू! ज्याला मी एक शब्द समजत होतो, ते एकाच नावाचे तीन निराळे गृहस्थ निघाले.

पहिले गृहस्थ पेयातले. आज लग्नाच्या स्वागतसमारंभात फळांच्या रसाचा जो पंच आपल्या हाती देतात, त्याचा पूर्वज चांगलाच मादक होता. मद्य, पाणी, साखर, लिंबू आणि मसाला हे त्यातले पाच जिन्नस. म्हणजे पंचामृताचा वाया गेलेला भाऊच म्हणा! इंग्रजीत हा शब्द प्रथम भेटतो तो १६३२ सालच्या एका पत्रात, आणि ते पत्र हिंदुस्थानातल्या कंपनीच्या माणसाचे. पुढे जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा एक डॉक्टर इकडे येऊन गेला. १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो लिहितो की, या किनाऱ्यावरचे इंग्रज पाच जिन्नसांचे एक पेय करतात आणि त्याला येथल्या पाचाचेच नाव आहे. हा किनारा म्हणजे आपलाच पश्चिम किनारा. आमच्या राजापुरातही तेव्हा इंग्रजांची वखार होती. १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. तेव्हा या पहिल्या पंचावर आपला दावा बराच बळकट आहे. तरीही काही पंडित उच्चारावर बोट ठेवतात आणि हे नाव दारूच्या पिंपावरून आले असावे, अशी शंका काढतात. म्हणजे या खटल्याचा निकाल पुरता लागलेला नाही.

दुसरे गृहस्थ अण्णांच्या हातातले. त्यांचे घराणे फ्रेंचमार्गे थेट लॅटिनला पोचते. मूळ धातूचा अर्थ टोचणे. आपला शेतकरी बैलाला पराणी टोचतो ना, तसे आधी टोचणे, मग ढोसणे आणि शेवटी ठोसा! मुष्टियोद्ध्याचा पंच आणि कंडक्टरचा पंच हे असे एकाच घरातले. गंमत म्हणजे सायकलचे पंक्चरही त्यांचे चुलतभावंड. या साऱ्या कुळात पाचाचा मागमूस नाही.

तिसरे गृहस्थ बाहुल्यांच्या खेळातले. मूळचे इटलीतल्या नेपल्सचे, नाव पुल्चिनेल्ला. नाक पोपटाच्या चोचीसारखे, पाठीला कुबड. इंग्लंडात येऊन ते मिस्टर पंच झाले आणि १८४१ साली लंडनच्या एका विनोदी साप्ताहिकाने त्यांचे नाव घेतले. त्याचे वारे इकडेही आले. लखनौला 'अवध पंच' निघाला, आपल्या ठाण्याला 'हिंदू पंच' निघाला. इकडच्या वाचकाला त्या नावात आपला न्यायनिवाडा करणारा पंचही दिसला असणार. कुबड्या विदूषक आणि गावचा पंच एकाच खुर्चीवर बसले!

एवढे वाचून मी खट्टू झालो. तीन पंचांपैकी दोन परके आणि उरलेल्या एकावर वाद! पण त्याच ग्रंथांत एक जुनी, पक्की गोष्ट पुन्हा भेटली. संस्कृत 'पंच', ग्रीक 'पेंते', लॅटिन 'क्विंक्वे' आणि इंग्रजी 'फाइव्ह' हे सख्खे नातलग आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे विल्यम जोन्सने कलकत्त्याला १७८६ साली सांगितले होते. म्हणजे जो आवाजाने हुबेहूब आपला वाटला तो परका, आणि ज्याचा आवाज मुळीच जुळत नाही तो रक्ताचा! इंग्रजीतला मुठीचा शब्ददेखील याच पाचावरून आला असावा, असे काही विद्वान मानतात. ठोसा परका, पण ठोसा मारणारी मूठ कदाचित नात्यातली.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी सांगितले, "मुलांनो, मी इतकी वर्षे चुकीचे शिकवले." मुलांनी छाती फुगवली नाही, पण कान टवकारले. त्या मुलीने विचारले, "सर, आधी कोणी विचारलं नव्हतं का?"

मी म्हटले, "विचारलं होतं. माझ्या वडिलांनी."

अण्णांना जाऊन आता सहा वर्षे झाली. भाषेचा अभिमान धरताना आपल्या माणसाचा साधा प्रश्न ऐकून घ्यावा, एवढे शिकायला मला त्यांच्या माघारी एका विद्यार्थिनीची मदत लागली. यंदा फराळाला बसताना त्यांच्या पाटाकडे पाहून मनातल्या मनात म्हणणार आहे : अण्णा, भोक एकच पडतं. तुमचंच बरोबर होतं.