मागचा लाल दिवा

गोंदिया जिल्ह्यात आता आपल्या माणसांच्या दारातही जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी उभी दिसते. लग्न असो, दवाखाना असो, तिचाच आधार. मारुती ८०० निघणे २०१४ साली बंद झाले, म्हणजे प्रत्येक गाडी दहा वर्षांपलीकडची. वायरी कडक झालेल्या, जोड गंजलेले. जवळ तणसाचा ढीग असेल तर उंदीरही वायर कुरतडतात.

ब्रेक लाईट गेल्याचे चालवणाऱ्याला कळत नाही. कोहमाऱ्याहून देवरीकडे रात्री महामार्ग ५३ वर ट्रक मागे असतो. पुढची गाडी थांबते आहे, हे त्याला तोच दिवा सांगतो. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या कुणाला मागे उभे करून पॅडल दाबावे. एकटे असाल तर अंधारात गाडीची पाठ भिंतीकडे करावी. उजेड आरशात दिसतो.

आम्ही कारकून माणसे, मिस्त्री नव्हे. पण एवढे घरी बघता येते. एकच बाजू बंद असेल तर आधी बल्ब काढावा. बहुतेक गाड्यांत तो १२ व्होल्ट, २१/५ वॅटचा असतो. आत दोन तारा, ५ वॅटची टेल लाईटची, २१ ची ब्रेकची. टेल लागते म्हणून बल्ब चांगला, असे समजू नका.

दोन्ही बाजू बंद असतील तर फ्युज पाहावा, नंतर पॅडलवरचा ब्रेक स्विच. स्विचला दोनच वायरी असतील तर त्या काढून बॉडीला न लावता एकमेकींना जोडाव्यात. दिवे लागले तर स्विच बदला. दिवे सतत लागून राहत असतील तर पॅडलजवळचा रबर किंवा प्लास्टिकचा ठोकळा तुटलेला असू शकतो. मग सकाळी बॅटरी उतरलेली.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो? तो अर्थचा दोष. वायर बॉडीला जिथे बसते तिथला गंज काचकागदाने घासून स्क्रू आवळावा. एवढ्यासाठी पूर्ण वायरिंग बदला म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे आम्ही तरी पुन्हा जाणार नाही.

फ्युज पुन्हापुन्हा उडतो म्हणून तांब्याची तार मात्र कधीही लावू नका. वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे म्हणून तो उडतो. तार लावली की फ्युजऐवजी आतली वायर तापते, आणि मागे मुले बसलेली असतात. गॅसकिटच्या गाडीत तर विचारूच नका. त्याच अँपिअरचे दोन फ्युज आणि एक जादा बल्ब गाडीतच ठेवा.