खुबा मोडला, आता या वयात शस्त्रक्रिया कशाला?

घरातील वयस्कर व्यक्ती पडली की दोन प्रश्न एकापाठोपाठ उभे राहतात. पहिला प्रश्न, ‘हाड तर मोडले नाही ना?’ आणि मोडल्याचे कळले की दुसरा, ‘आता या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ पहिल्याचे उत्तर आपण डॉक्टरांकडे मागतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा घरातल्या घरात, नातलगांच्या सल्ल्याने देऊन टाकतो. आजचे विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील वाटीत बसते. या चेंडूखालचा निमुळता भाग म्हणजे हाडाची मान. वृद्धापकाळी, विशेषतः पाळी बंद झाल्यानंतर स्त्रियांमध्ये, हाडे विरळ होतात आणि साध्या पडण्यानेही ही मान किंवा तिच्या खालचा भाग मोडतो. त्यासाठी जिन्यावरून कोसळावे लागत नाही. पायपुसण्यात पाय अडकणे किंवा ओल्या फरशीवर घसरणे एवढेही पुरते.

निदान पुष्कळदा सोपे असते. पडलेली व्यक्ती उठू शकत नाही, दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. परंतु दर वेळी असे होत नाही. माझ्या पाहण्यातील ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी पडल्यानंतर ‘गुडघा दुखतो’ एवढेच सांगत होत्या. घरच्यांनी गुडघ्याची क्ष-किरण तपासणी करून आणली होती आणि तीत काही दोष नव्हता. म्हणून चार दिवस मलम चोळणे चालू होते. त्या भिंतीला धरून शौचालयापर्यंत जातही होत्या. पाचव्या दिवशी त्यांचा पाय एकाएकी उचलेना. हाड मोडले होते खुब्याचे. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही संवेदना एकाच मज्जातंतूतून जातात, त्यामुळे खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. शिवाय मोडलेली दोन टोके एकमेकांत रुतून बसली असतील तर काही दिवस चालताही येते. पुढे ती टोके सरकली की पाय निकामी होतो.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे. वयस्कर माणसाला पडल्यानंतर जांघेत, मांडीत किंवा गुडघ्यात वेदना होत असतील, पायावर भार घेववत नसेल, तर खुब्याचीही क्ष-किरण तपासणी झालीच पाहिजे. ती निर्दोष आली आणि तरीही भार घेववत नसेल, तर ‘मुका मार आहे’ असे समजून घरी बसू नये. बारीक भेग साध्या क्ष-किरण चित्रात लपू शकते. ती एमआरआय तपासणीत दिसते, आणि तशी सोय नसेल तर सीटी स्कॅनचा उपयोग होतो. हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढवून घेणे किंवा चोळणे तर कटाक्षाने टाळावे. एकमेकांत रुतलेली टोके त्यामुळे सुटतात.

आता दुसरा प्रश्न. त्याचे चुकीचे उत्तर मी स्वतः एकदा दिले आहे, म्हणून ते सांगण्याचा मला अधिकार आहे असे वाटते. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत सत्त्याहत्तर वर्षांच्या एका गृहिणीचा खुबा मोडला. रक्तदाब होता, मधुमेह होता. मुलांनी विचारले, ‘डॉक्टर, आईला भूल झेपेल का?’ मी म्हणालो, ‘धोका कशाला पत्करता? पायाला वजन लावू, हाड हळूहळू धरेल.’ त्या बाईंनी तक्रार अशी कधी केली नाही. तिसऱ्या आठवड्यात कमरेखाली शय्याव्रण झाले, पाचव्या आठवड्यात छातीत कफ दाटला, सातव्या आठवड्यात त्या गेल्या. मुलांनी माझे आभार मानले. त्या आभारांचे ओझे अजून उतरलेले नाही. त्यांच्या हातून नव्हे, माझ्या हातून चूक झाली होती. शस्त्रक्रियेतील धोका मी मोजला. अंथरुणातील धोका मोजलाच नाही.

खुबा मोडलेल्या माणसाला अंथरुणात विश्रांती मिळत नाही. कूस बदलताना, भांडे घेताना, अंग पुसताना वेदना होते, म्हणून तो हलणेच सोडतो. न हलल्याने फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला व टाचांना जखमा होतात, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो आणि स्नायू झपाट्याने झिजतात. मानेचे हाड सरकले असेल तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो, त्यामुळे महिनोन्महिने पडून राहूनही ते सांधत नाही. अर्थात निवड ‘धोक्याची शस्त्रक्रिया’ आणि ‘सुरक्षित विश्रांती’ यांच्यात नसते. दोन्हीकडे धोका आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत अंथरुणातील धोका मोठा आहे.

शस्त्रक्रियेचा हेतू एकच, माणसाला लवकर उभे करणे. मान मोडून सरकली असेल तर वृद्धांमध्ये बहुधा चेंडू काढून धातूचा बसवतात. काहींच्या बाबतीत वाटीसह पूर्ण सांधा बदलतात. हाड मानेच्या खाली मोडले असेल तर पट्टी-स्क्रूने किंवा हाडाच्या पोकळीत सळी घालून ते जोडतात. पुष्कळदा पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला तरी पुरते. सर्व सुरळीत असेल तर दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे करतात. हे पाहून ‘अरे, टाके तुटतील’ म्हणून नातेवाईक घाबरतात. घाबरू नये, शस्त्रक्रिया त्यासाठीच केलेली असते.

ती किती लवकर व्हावी? ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयात दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह 17 देशांतील सुमारे 3,000 रुग्ण त्यात होते. निदानानंतर साधारण 6 तासांत झालेल्या आणि साधारण 24 तासांनी झालेल्या शस्त्रक्रियांची त्यात तुलना होती. मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मतिभ्रम कमी झाला आणि ती माणसे लवकर उभी राहिली. याचा अर्थ असा, की घड्याळ पाहून घाबरे होण्याचे कारण नाही, पण ‘परदेशातला मुलगा रविवारी येईल, मग ठरवू’ असे म्हणण्यासही जागा नाही. रक्तदाब, मधुमेह, जुना हृदयविकार ही कारणे शस्त्रक्रिया टाळण्याची नसून तयारी नीट करण्याची आहेत.

अपवाद आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. जी व्यक्ती पडण्याआधीच पूर्णपणे अंथरुणाला खिळलेली होती किंवा असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात आहे, तिच्या बाबतीत वेदनाशमन आणि सेवा हाच योग्य मार्ग असू शकतो. तो निर्णय डॉक्टरांशी बसून घ्यावा, आणि रुग्ण भानावर असेल तर प्रथम त्यालाच विचारावे. वय ब्याण्णव आहे एवढ्यावरून तो घेऊ नये.

प्रसंग आलाच तर पुढील गोष्टी कराव्यात.

पडलेल्या माणसाला ओढून उभे करू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला आहे का ते पाहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आरंभीच सांगा. घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून बरोबर न्या.

रुग्णालयात तीन प्रश्न विचारा. शस्त्रक्रिया कधी होईल? उशीर होणार असल्यास नेमका कशासाठी? उभे कधी करणार? खर्चाची चिंता असेल तर तेथील आरोग्यमित्राला भेटा. 70 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड काढता येते. ते प्रसंग येण्यापूर्वीच काढून ठेवणे शहाणपणाचे.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री आजी असंबद्ध बोलू लागल्या, गेलेल्या माणसांना हाका मारू लागल्या, तर वेड लागले असे समजू नका. हा मतिभ्रम बहुधा ओसरतो. चष्मा आणि श्रवणयंत्र त्यांच्याजवळ द्या, ओळखीचा माणूस उशाशी बसवा आणि परिचारिकेला कळवा.

घरी आल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. ती म्हणजे हाडांच्या विरळपणाचा उपचार. एक खुबा मोडला म्हणजे दुसरे हाड मोडण्याची शक्यता वाढलेली असते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये नवे अस्थिभंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे औषध सर्वांना चालत नाही. मूत्रपिंडाची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी आधी करावी लागते. परंतु टाके काढण्याच्या दिवशी ‘हाडे बळकट करण्यासाठी काय करायचे?’ हे आपण विचारायलाच हवे.

त्या गुडघा दुखणाऱ्या आजींच्या घरीही ‘आता या वयात कशाला?’ ही चर्चा झाली होती. थोरला मुलगा नको म्हणत होता, सून म्हणाली, ‘आईंनाच विचारू या.’ आजी म्हणाल्या, ‘मला माझ्या पायांनी मोरीत जाता आलं पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.’ शस्त्रक्रिया झाली. आता त्या काठी घेऊन चालतात, पूर्वीइतक्या वेगाने नव्हे, पण मोरीत स्वतःच्या पायांनी जातात.